पिटातले प्राश्निक

मराठी समीक्षेत ‘वाचक’ आणि ‘प्रेक्षक’ या संज्ञांची वर्दळ गेल्या काही दशकांत पुष्कळ वाढली आहे. प्रत्यक्ष वाचक आणि प्रेक्षक मात्र तिथे अजून पोहोचलेले नाहीत. आस्वादप्रक्रियेवर प्रबंध लिहिले जातात, अपेक्षांच्या क्षितिजाची चर्चा होते, संहितेतील रिकाम्या जागा मोजल्या जातात. पण जळगावच्या किंवा धुळ्याच्या चित्रपटगृहात पिटात बसून एखाद्या नव्या नटाचा पहिला चित्रपट पाहणारा माणूस मध्यंतरात चहा पिताना जे बोलतो, ते समीक्षेच्या दप्तरी कोणत्या सदरात नोंदवायचे, याचे उत्तर या व्यवहाराजवळ नाही. ते फार तर ‘लोकप्रियतेचे समाजशास्त्र’ या सदरात जाते. म्हणजे व्यवहारात रद्दीत जाते. प्रस्तुत लेखाचा पक्ष असा की, ते बोलणे ही टीकाच आहे. तिला निकष आहेत, तिच्यामागे परंपरा आहे, आणि म्हणूनच ती चूकही ठरू शकते. या तीन विधानांपैकी शेवटचे सर्वांत महत्त्वाचे आहे.

उदाहरण मुद्दामच असे घेतो की जे पाहून अभिरुचिसंपन्न वाचक नाक मुरडतील. ते म्हणजे युद्धकला शिकून आलेल्या हाणामारीच्या नटाचे पदार्पण. १९९१ साली राज सिप्पी दिग्दर्शित ‘सौगंध’ या चित्रपटातून अक्षय कुमार नायक म्हणून पडद्यावर आला. बँकॉकला राहून त्याने युद्धकलेचे शिक्षण घेतले होते आणि त्याची तीच मुख्य ओळख होती. ‘सौगंध’ची चौकट मात्र जुनी होती: घराण्यांचे वैर, शपथ, सूड. या चित्रपटाने त्याला नट म्हणून स्थिर केले नाही. ते काम पुढच्या वर्षी, १९९२ मध्ये, अब्बास-मस्तान यांच्या ‘खिलाडी’ने केले. त्यात तेच शरीर महाविद्यालयीन तरुणाच्या कपड्यांत आले आणि कथेला पटले.

पण मग पदार्पण कोणते? महेश भट्ट यांच्या १९८७ च्या ‘आज’ या चित्रपटात हाच तरुण कराटे शिकवणाऱ्याच्या भूमिकेत काही क्षण दिसून गेला होता. तेव्हा नाव नव्हते, संवाद नव्हता. हालणारे शरीर तेवढे होते. ब्रूस लीचेही असेच झाले. १९७१ चा ‘द बिग बॉस’ हा जगाला त्याचा पहिला चित्रपट वाटला. प्रत्यक्षात बालनट म्हणून तो हाँगकाँगच्या पडद्यावर कितीतरी आधी येऊन गेला होता. धंदा नावाचे पदार्पण मोजतो. प्रेक्षक शरीराचे पदार्पण मोजतो. ‘पदार्पण’ या शब्दाचा मूळ अर्थ पाऊल ठेवणे असा आहे, आणि अशा चित्रपटाचा जाणता प्रेक्षक अक्षरशः पाऊलच पाहत असतो: ते जमिनीवर कसे बसते, भार कुठे जातो, उचललेला पाय परत कुठे येतो.

हे जाणतेपण त्याला कोठून आले? खानदेशात ते आखाड्यातून आले. जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब मिळवला, हे यश शून्यातून उगवलेले नाही. गावोगावच्या यात्रांतील कुस्त्यांच्या फडाभोवती बसून पिढ्यान् पिढ्या पवित्रा, पकड, डाव आणि तोड यांची पारख करीत आल्या. हा प्रेक्षक पडद्यावर मारामारी पाहतो तेव्हा कोरी पाटी घेऊन येत नाही. सहृदय कोण, याचे उत्तर अभिनवगुप्ताने दिलेले आहे: काव्याच्या अनुशीलनाने ज्याचे मन आरशासारखे निर्मळ झाले आहे तो. या व्याख्येतील कळीचा शब्द ‘अनुशीलन’ हा आहे. अनुशीलन हा जातीने, पदवीने किंवा पगाराने मिळणारा गुण नव्हे; तो अभ्यासाने मिळतो. मग लाल मातीतील अनुशीलन हे अनुशीलन का नव्हे?

या प्रश्नावर आपल्याकडे एक तयार उत्तर असते: शरीराच्या कसरतीची पारख वेगळी आणि कलेची पारख वेगळी. हे उत्तर देणाऱ्यांनी नाट्यशास्त्राचा २७ वा अध्याय पुन्हा वाचावा. प्रयोगाची सिद्धी ठरवताना वाद उद्भवला तर निर्णय कोणी द्यायचा, यासाठी भरताने ‘प्राश्निक’ सांगितले आहेत. त्यांत यज्ञवेत्ता आहे, वैयाकरण आहे, छंदःशास्त्राचा जाणकार आहे; त्याच पंगतीत नर्तक, चित्रकार, गणिका आणि राजसेवकही आहेत. आणि त्यांत धनुर्विद्या जाणणारा आहे. नटाच्या अंगाचे सौष्ठव नीट आहे की नाही, हे वैयाकरणाने सांगायचे नाही. ज्याने शस्त्र हाताळले आहे त्याने सांगायचे. त्याच अध्यायात भरत हेही मान्य करतो की, सगळे गुण एकाच प्रेक्षकात सापडत नाहीत आणि प्रत्येकाची आवड वेगळी असते. शूरांना बीभत्स आणि रौद्र रस, नियुद्ध आणि युद्ध रुचते. हे सांगताना तो कुत्सित होत नाही. पुढे आपण काय केले? दहा प्राश्निकांपैकी वैयाकरण तेवढा आत ठेवला, इतरांना दाराबाहेर उभे केले आणि या हकालपट्टीला ‘अभिरुची’ हे नाव दिले.

आता त्या पिटातल्या प्रश्नांकडे वळू. नवा मारामारीचा नट आला की अहिराणीत पहिला प्रश्न उभा राहतो तो साधारण असा: हाऊ सोता मारस का? हा स्वतः मारतो का, की ‘डुप्लिकेट’ मारतो? प्रमाण मराठीत आणताच हा प्रश्न बाळबोध वाटू लागतो, आणि समीक्षक लगेच समजूत घालतो की, कला म्हणजे आभास; तिथे खरेखोटे विचारू नये. पण प्रश्न विचारणारा इतका भोळा नाही. समोरचा माणूस खरोखर मरत नाही, हे त्याला तिकीट काढतानाच ठाऊक असते. ‘खरे मारणे’ आणि ‘मारता येणे’ यांतला फरक तो करीत असतो. त्याला इजा नको असते. सिद्धता हवी असते. भरताची भूमिका नेमकी हीच आहे. रंगभूमीवर शस्त्र चालवण्याचे चार ‘न्याय’ तो सांगतो. प्रत्यक्ष छेद करू नये, रक्त काढू नये, प्रहार संकेताने दाखवावा असे बजावतो. आणि त्याचबरोबर या संकेतासाठी नटाने व्यायामाने शरीर घडवले पाहिजे असाही आग्रह धरतो. प्रहार खोटा असला तरी तयारी खरी हवी. पिटातला प्रश्न आणि शास्त्रातला नियम इतके जवळ असताना एकाला ‘शास्त्र’ आणि दुसऱ्याला ‘अडाणीपणा’ म्हणायचे, हा न्याय कोणत्या तत्त्वावर होतो?

दुसरा आक्षेप प्रेक्षक घेतो तो तुकड्यांचा. ठोसा एका चौकटीत, पडणारा माणूस दुसऱ्या चौकटीत, मध्ये फक्त आवाज: अशी मारामारी त्याला फसवणूक वाटते. अखंड शरीर एकाच चौकटीत हालताना दिसले की तो खूश होतो. ही तक्रार लयीची आहे. संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तत्त्वांवर मर्ढेकरांनी आपले सौंदर्यशास्त्र उभारले; ते मर्ढेकर फैजपूरचे, म्हणजे जन्माने खानदेशीच. कलाकृतीची लय तिच्या माध्यमात शोधावी, असे त्यांच्यामागून म्हणणाऱ्यांनी हालत्या शरीराच्या माध्यमाबद्दल पिटातून आलेली ही तक्रार कधी ऐकली आहे काय?

तिसरा आक्षेप औचित्याचा. शरीर एका जगातले आणि सोंग दुसऱ्या जगातले असले की प्रेक्षक ‘शोभत नाही’ एवढेच म्हणतो. ‘सौगंध’ आणि ‘खिलाडी’ यांच्यातला फरक या दोन शब्दांत जितका सापडतो, तितका ‘नायकप्रतिमेची पुनर्रचना’ यासारख्या शब्दसमूहात सापडत नाही. २०११ च्या ‘फोर्स’मधले विद्युत जामवालचे पदार्पणही याच निकषावर तपासण्याजोगे आहे. लहानपणापासून कळरीपयट्टू शिकलेला हा नट तिथे खलनायक होता. कथेला नायक जिंकायला हवा होता, पण पाहणाऱ्याचा डोळा दुसऱ्याच शरीरावर खिळत होता. त्या पदार्पणाला फिल्मफेअर पारितोषिकही मिळाले. संहिता एक सांगते आणि प्रयोग दुसरे, या घटनेवर आपण नाटकाच्या संदर्भात ग्रंथ लिहितो; चित्रपटगृहात ती घडली की तिला करमणूक म्हणतो.

दोन प्रकारचे विद्वान या ठिकाणी मला अडवतील. पहिले देशीवादी. नेमाडे यांच्यापासून स्फूर्ती घेऊन आपण मातीची, बोलीची, मौखिकतेची थोरवी गायली, आणि ते योग्यच झाले. पण देशीयतेच्या या दरबारात ओवीला प्रवेश आहे, लोककथेला आहे. हाँगकाँगहून आलेल्या मारामारीवर अहिराणीतून होणाऱ्या वादाला नाही. जणू बोलीने केवळ जुनेच बोलावे! परकी वस्तू समोर आल्यावर आपल्या आखाड्याच्या मापाने ती मोजणे, यापेक्षा अधिक देशी कृती कोणती असू शकते? मर्ढेकर आणि नेमाडे या दोघांची जन्मगावे आजच्या जळगाव जिल्ह्यात आहेत. मराठीतील दोन प्रबळ समीक्षादृष्टी या जिल्ह्याशी अशा जोडलेल्या असताना तिथलाच प्रेक्षक दोहोंच्या मधल्या फटीत पडावा, हा योगायोग फार बोलका आहे.

दुसरे विद्वान संस्कृती-अभ्यासाचे. ते प्रेक्षकाला तुच्छ लेखत नाहीत. उलट त्याला गोंजारतात. त्याची मते टिपून घेतात, तक्ते करतात, आणि शेवटी सांगतात की हे मत म्हणजे बेकारीचे, पौरुषाच्या धास्तीचे किंवा बाजारपेठेचे लक्षण आहे. ही उपेक्षा पहिलीपेक्षा अधिक सूक्ष्म आहे. मत जर लक्षण असेल तर त्याचे निदान होते. त्याच्याशी वाद होत नाही. रोग्याच्या तापाला कोणी खोडून काढत नाही. प्रेक्षकाचे मत टीका म्हणून स्वीकारायचे तर ते चुकीचे आहे असे त्याच्या तोंडावर म्हणण्याची तयारी हवी.

आणि ते अनेकदा चुकीचे असते. २०१४ मध्ये ‘हिरोपंती’तून टायगर श्रॉफ आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून, तो पुरेसा ‘मर्दानी’ नाही म्हणून, देशभर थट्टा झाली. पायाची पारख करणाऱ्या प्रेक्षकाने तिथे आपलाच निकष सोडला आणि पूर्वग्रहाला मत म्हटले. पिटाची टीका मुख्यतः पुरुषांची टीका राहिली, हाही तिचा मोठा दोष आहे. त्याच गावातल्या बाईला ही मारामारी कशी दिसली, हे आपण ऐकलेच नाही. ‘सोता मारस’ या निकषाचा फायदा जाहिरातवाले घेतात आणि नटाच्या जखमांचा बाजार मांडतात, हेही खरे. पण हे सर्व आक्षेप वादाचे आक्षेप आहेत. ज्याला आपण वादी मानतो त्याच्यावरच ते घेता येतात.

शिवाय हा प्रेक्षक स्वतःच्या निकषालाही उलटे टांगू शकतो. खानदेशाच्या वेशीवर, मालेगावात, नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे त्यांच्या ‘सुपरमॅन’मध्ये यंत्रमागावर काम करणारे किडकिडीत शफीक शेख महानायक झाले, फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात ती निर्मिती नोंदली आहे. कमावलेल्या शरीराचा सारा दिमाख एका कृश शरीरावर चढवून त्याची खिल्ली उडवणे, आणि त्याच वेळी त्यावर प्रेमही करणे, ही विडंबनातून केलेली समीक्षाच होय. ती करणारे काल तिकीट काढून बसलेले प्रेक्षक होते.

हा प्रश्न केवळ चित्रपटाचा असता तर त्यावर इतकी शाई खर्च केली नसती. तो वर्गातला प्रश्न आहे. १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या बाईची रचना १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि मराठी साहित्य तिच्यापुढे नम्र झाले. निरक्षर व्यक्ती निर्मिती करू शकते, हे आपण त्या दिवशी कबूल केले. ती निर्णयही करू शकते, हे मात्र आजही कबूल केलेले नाही. परिणामी त्याच विद्यापीठात एम.ए.ला येणारा मुलगा, ज्याला पवित्रा म्हणजे काय हे अंगाने ठाऊक आहे, तो परीक्षेत ‘रसनिष्पत्ती’वर पाठ केलेली चार पाने लिहितो आणि आपले ज्ञान चपलांबरोबर वर्गाबाहेर काढून ठेवतो. आपण त्याला सिद्धान्त शिकवत नाही. स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला शिकवतो.

पिट नावाचा वर्ग आता बहुतेक ठिकाणी उरलेला नाही. मारामारी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आली आहे. पण ‘सोता मारस का’ हा प्रश्न तिथेही विचारला जातोच. तो त्याच बोलीत, त्याच्या कारणांसह नोंदवावा. टक्केवारीत दळू नये. आणि मग त्याच्याशी, मर्ढेकरांशी किंवा नेमाडे यांच्याशी घालतो तितक्याच कडवेपणाने, वाद घालावा. भरताने दहा जणांसाठी मांडलेल्या पंगतीत एकट्याने जेवत बसणारी समीक्षा स्वतःला सोवळी समजत असेल. खरे तर ती उपाशी आहे.