बार्शी लाईट रेल्वेचा धडा

आडमार्गाची रेल्वे फायद्यांत चालत नसेल तर ती बंद करावी, असें म्हणणाऱ्यांची आमच्यांत वाण नाहीं. या गृहस्थांनीं बार्शी लाईट रेल्वेचा इतिहास एकवार लक्षपूर्वक पाहावा, अशी आमची त्यांस विनंति आहे.

मुंबईहून सोलापुरास जाणारा मोठा लोहमार्ग बार्शीस सुमारें २१ मैल बाजूस ठेवून गेला. बार्शी ही कापसाची नांवाजलेली पेठ. पण तिचा माल बैलगाडीच्या चाकावर अवलंबून राहिला. ही अडचण एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें हेरली. रुळांमध्यें अंतर अवघें अडीच फूट ठेवावयाचें आणि इंजिन व डबे यांचा भार असा वांटावयाचा कीं, कोणत्याही आंसावर ५ टनांहून अधिक ओझें पडूं नये, ही त्याची युक्ति. त्यामुळें हलक्या रुळांवरून पुष्कळ माल जाऊं लागला आणि खर्चही आटोक्यांत राहिला. १८९५ सालीं लंडनमध्यें कंपनी नोंदली गेली व १८९७ सालीं बार्शीस गाडी आली. पुढें १९०६ सालीं पंढरपूर, १९११ सालीं निजामाच्या राज्यांतील लातूर आणि १९२७ सालीं मिरज जोडलें जाऊन मार्ग २०२ मैलांचा झाला. व्यापाऱ्यांची पोतीं आणि विठोबाचे वारकरी, दोघांचीही सोय झाली.

परंतु अरुंदपणाचा दंडही या मुलखास भरावा लागला. पुढें मोठ्या मार्गानें जाणारें प्रत्येक पोतें कुर्डुवाडीस एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावें लागे; हमाली, नासधूस व खोळंबा व्यापाऱ्याच्या माथीं. १९५४ सालीं सरकारनें मार्ग विकत घेतला. तरी रूळ रुंद होण्यास पुढें अर्धें शतक जावें लागलें. ही दिरंगाई कोणत्याही सरकारास भूषणावह नव्हे.

रुंदीकरणाचें मोल एप्रिल २०१६ मध्यें कळून आलें. लातूर शहराचें पाणी आटलें, तेव्हां मिरजेहून पाण्यानें भरलेल्या वाघिणी पंढरपूर व कुर्डुवाडीवरून सुमारें ३४२ किलोमीटर धांवून तेथें पोहोंचल्या. अडीच फुटी रुळांवर त्या मोठ्या वाघिणी चढल्याच नसत्या. आणि लातूर व मिरज जोडणाऱ्यांनीं तरी हें काम कोठें कल्पिलें होतें? कापसासाठीं आंखलेली वाट अखेर तहानलेल्यांच्या उपयोगीं पडली.

यावरून बोध इतकाच घ्यावयाचा कीं, लोहमार्गाची किंमत एका वर्षाच्या जमाखर्चावरून ठरत नाहीं. मात्र सारा बोजा सरकारावर टाकून व्यापाऱ्यांनीं स्वस्थ बसावें, हेंही आम्हांस मान्य नाहीं. ज्या मार्गास गांवचा व्यापार माल देत नाहीं, त्याची बाजू मांडणाऱ्या अर्जास वजन कोठून येणार? आपल्या गांवचा रेल्वेफांटा राखावयाचा असेल, तर व्यापारी मंडळांनीं आधीं आपला माल त्या फांट्यावर आणावा आणि मग, हातांत आंकडे घेऊन, सरकारच्या दारीं जावें.