बायो घेतली म्हणून गणित सोडायचे का?

दहावीचा निकाल लागला की पालक आम्हाला विचारतात, बायो की मॅथ्स? डॉक्टर व्हायचे तर गणित कशाला, हे उत्तरही बहुधा तेच देतात. आम्हाला ते पटत नाही.

अमेरिकेत एमडी आणि पीएचडी एकत्र करणाऱ्यांना १९६४ पासून सरकारी साहाय्य मिळते. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने असा संयुक्त अभ्यासक्रम २०२२ मध्ये जाहीर केला. बारावीनंतर थेट प्रवेश नाही. आधी नीट, मग एमबीबीएस. पण संशोधनाला लागणारे संख्याशास्त्र तेव्हा नव्याने गिरवणे जड जाते.

भोपाळकरांना जास्त काय सांगावे? ३ डिसेंबर १९८४ च्या पहाटे हमीदियात डॉक्टर जिवाचे रान करीत होते, पण त्या वायूवर उतारा कोणता, हे खात्रीने कोणालाच सांगता येत नव्हते. रुग्ण तपासणारा आणि प्रयोगशाळेत शोध घेणारा माणूस एकच असावा, याची गरज या शहराइतकी कोणाला असेल?

शिवाय नीट हुकली तर? आपल्या भौरीतच आयसर आहे. तिच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित या चारही विषयांचे प्रश्न असतात.

दोन्ही विषयांचा भार पडतो, हे खरे. सगळ्यांनी घ्यावेत असे आमचे म्हणणे नाही. पण ज्याला झेपेल त्याला वेळापत्रकामुळे नाही म्हणावे लागू नये. विश्वस्त मंडळाने गणिताच्या एका जादा तासाला मान्यता द्यावी. इच्छुकांनी नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत, तास आम्ही बसवू.