दह्यातली पुरचुंडी आणि आपले फुणके

काठीची राजवाडी होळी पाहून नंदुरबारला परतलो, तेव्हा परदेशात शिकणारा भाचा म्हणाला, "मामा, तिकडे मी घरी तुर्की मंती करतो. खिमा भरलेल्या नखाएवढ्या पुरचुंड्या, वर लसणीचं दही. आपल्याकडे असं काहीच नाही."

काहीच नाही? मंडळी, मला हे पटत नाही. खान्देशात फुणके आहेत की! भिजवलेली तुरीची डाळ मिरची-लसूण घालून भरड वाटायची, मुटके वळून वाफवायचे आणि गरम कढीत कुस्करून खायचे. खिमा नाही, पण लसूण तोच, दही तेच.

अडचणही तीच. दही तापलं की फुटतं. लेबनॉनमध्ये शिश बरक करताना दह्यात कॉर्नफ्लोअर किंवा अंडं घालतात, आपण बेसन लावतो आणि ढवळत राहतो.

म्हणून म्हणतो, मंती जरूर करा, पण फुणक्यांना गरिबाचा खिमा समजू नका. हॉटेलात ते सहसा मिळत नाहीत. आपण घरी केले नाहीत, तर पुढच्या पिढीला फक्त नाव उरेल. आणि हो, मिक्सर फार फिरवू नका. डाळ गुळगुळीत झाली की फुणके दडस होतात!