नागरिकत्वाचा त्याग आणि मधले दिवस

ढाणकीसारख्या गावात पारपत्राची चर्चा व्हावी, हे पन्नास वर्षांपूर्वी कोणाला खरे वाटले नसते. उमरखेड तालुक्यातील हे गाव कापूस, सोयाबीन आणि हळद यांवर जगणारे; येथला शिकलेला तरुण फार तर नागपूर, पुणे नाहीतर हैदराबाद गाठायचा. गेल्या हंगामात येथल्या एका शेतकऱ्याच्या घरी बसायला गेलो होतो. म्हातारा वारला तेव्हा थोरला मुलगा परदेशी होता, आणि अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी त्याने तिकडच्या नागरिकत्वाची शपथ घेतली होती. अग्नी धाकट्याने दिला. थोरला तेरवीलाही पोचू शकला नाही. तिकिटाचे पैसे त्याच्यापाशी होते, रजाही मिळाली होती. प्रवास करता येईल असा कागद मात्र नव्हता. जुन्या पारपत्राची मुदत संपायला अजून चार वर्षे होती, पण शपथ घेतली त्या क्षणी ते निकामी झाले होते आणि नवे हाती यायचे होते. म्हातारीने मला विचारले, "सर, तो आता आपल्या देशाचा राहिला नाही म्हणजे त्याले घरी यायचीही मनाई आहे का?" जन्मभर अर्थशास्त्र शिकवले, पण या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणे मला जमले नाही.

आपल्या संविधानाचे कलम ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीत. नागरिकत्व जाण्याच्या ज्या दोन वाटा येथे लक्षात घ्यावयाच्या, त्या या कायद्याच्या कलम ८ आणि कलम ९ मध्ये आहेत. कलम ८ प्रमाणे सज्ञान नागरिक स्वतः त्यागाची घोषणा करतो आणि ती नोंदली गेली की तो नागरिक राहत नाही. कलम ९ ची वाट निराळी आहे. स्वेच्छेने परकी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. अर्ज केला होता की नाही, दाखला मिळाला की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही. परदेशी स्थायिक झालेल्या बहुतेकांचे नागरिकत्व याच वाटेने जाते. त्यानंतर जुने पारपत्र परत करावयाचे, ते रद्द होऊन त्यागाचा दाखला मिळावयाचा, आणि मूळच्या भारतीयाला व्हिसा किंवा ओसीआय कार्ड हवे असेल तर सामान्यतः हा दाखला जोडावयाचा, असा क्रम आहे. नागरिकत्व क्षणात जाते. ते गेल्याचा कागद मात्र सवडीने येतो. त्या कागदासाठी सरकारने किती दिवस घ्यावेत, याची मुदत कलम ८ मध्येही नाही आणि कलम ९ मध्येही नाही.

हे मधले दिवस देशोदेशी वेगवेगळ्या रीतीने वाट्याला येतात. अमेरिकेत शपथविधीच्या वेळी ग्रीन कार्ड परत घेतले जाते आणि अमेरिकन पारपत्र पुढे अर्ज करून मिळवावे लागते. तोवर देशाबाहेर पाऊल टाकण्याची सोय नाही. ऑस्ट्रियासारखा देश आधी आश्वासनपत्र देतो आणि जुने नागरिकत्व सोडून या म्हणतो. तेथे तर काही काळ माणूस कोणत्याच देशाचा नसण्याची वेळ येऊ शकते. जर्मनीने २७ जून २०२४ पासून जुने नागरिकत्व सोडण्याची अट काढून टाकली, परंतु आपले कलम ९ जागेवरच असल्याने भारतीयाला तिचा लाभ नाही. मृत्यूसारख्या प्रसंगी आपल्या वकिलाती तातडीचा व्हिसा देतात हे खरे. तथापि त्या व्हिसाचा शिक्का उमटवायला नवे पारपत्र तर हाती हवे! अशा वेळी खिशातले जुने पारपत्र दाखवून विमानात बसण्याचा मोह कोणाला होणार नाही? पण परकी नागरिकत्व घेतल्यावर त्या पारपत्रावर प्रवास करणे हा गुन्हा आहे, आणि वर दंडही भरावा लागतो. ढाणकीच्या त्या मुलाने हा मोह टाळला. बापाचे शेवटचे दर्शन त्यामुळेच हुकले.

नागरिकत्व सोडणारा म्हणजे देशाकडे पाठ फिरवणारा, असे आपल्यातलेही काही साथी बोलतात आणि पुरावा म्हणून संसदेत दिलेले आकडे पुढे करतात. ते आकडे नीट वाचले पाहिजेत. २०११ साली १,२२,८१९ जणांनी भारतीय नागरिकत्व सोडले. २०१९ साली ही संख्या १,४४,०१७ होती, २०२० साली ती ८५,२५६ वर घसरली आणि २०२२ साली २,२५,६२० वर गेली. २०२० साली लोकांचे देशप्रेम एकाएकी उफाळून आले आणि दोन वर्षांत आटले, असे कोणी म्हणणार आहे काय? त्या वर्षी महामारीने जगभरची कचेरी-दारे बंद होती. माझ्या मते हे आकडे मनाचा कल मोजीत नाहीत. निकालात निघालेले कागद मोजतात. २०२४ ची संख्याही २,०६,३७८ आहे. यांतली बहुसंख्य माणसे पगारावर जगणारी असावीत. नोकरी गेली तर देश सोडावा लागू नये, मुलांचे शिक्षण अर्ध्यावर तुटू नये, एवढ्यासाठी ती शपथ घेतात. जागतिक बँकेच्या हिशेबाने २०२४ साली परदेशस्थांनी भारतात सुमारे १२९ अब्ज डॉलर धाडले. ते स्वीकारताना पाठवणाऱ्याच्या खिशातले पारपत्र कोणत्या रंगाचे आहे, हे कोणी पाहत नाही.

भांडवलाला ही रांग ठाऊक नाही. हिरे व्यापारी मेहुल चोक्सी यांनी २०१७ साली अँटिग्वा व बार्बुडाचे नागरिकत्व घेतले. तो देश ते गुंतवणुकीच्या मोबदल्यात देतो. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी भारत सोडला, पुढे पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात ते आरोपी झाले, आणि भारतीय पारपत्र त्यांनी जमा केले ते जानेवारी २०१९ मध्ये. माल्टाचा असाच व्यापार युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये बेकायदा ठरवला. ज्याला नागरिकत्व विकत घेता येते त्याचे मधले दिवस कधी अडत नाहीत.

आपल्या शेजारच्या गोव्यात हाच गुंता निराळ्या इतिहासातून उभा राहिला. १९६२ च्या आदेशाने गोमंतकीय भारताचे नागरिक झाले; परंतु १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालच्या कायद्याने तिकडचे नागरिकत्व मिळवता येते. अनेकांनी युरोपात मजुरी करता यावी म्हणून लिस्बनला जन्मनोंद केली आणि त्यांचे भारतीय नागरिकत्व संपले. जुने पारपत्र परत करायला गेलेल्यांची पारपत्रे माहिती लपवल्याच्या कारणावरून रद्द होऊ लागली, आणि परत केल्याचा दाखला नाही म्हणून ओसीआय कार्डही अडले. अखेर एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने पारपत्र रद्द केल्याचा आदेशच पर्यायी कागद म्हणून मान्य केला. एका परिपत्रकाने जी गाठ सुटली, ती आधी का सुटली नाही, हे विचारण्याचा अधिकार गोमंतकीयांना आहे.

मतदानाचा अधिकार दोन देशांत असावा, या मागणीला मी अनुकूल नाही. येथल्या कायद्याचे परिणाम ज्याला भोगावे लागत नाहीत, त्याने येथले सरकार निवडू नये. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, हेही मला योग्य वाटते. नाहीतर डॉलरच्या जोरावर पैनगंगेकाठची जमीन कोणाच्या घशात जाईल, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. वारसाने आलेली जमीन मात्र त्याला ठेवता येते. प्रश्न प्रवासाचा आहे, आणि तो स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, म्हणून पारपत्राचा कायदा करावा लागला. जनता सरकारने मनेका गांधींचे पारपत्र अडकवले तेव्हा १९७८ च्या निकालात न्यायालयाने त्या सरकारलाही न्याय्य कार्यपद्धतीचा धडा दिला. ते सरकार बनवण्यात आपलाही वाटा होता, हे विसरून चालणार नाही. आणि ज्या कलम २१ वर हे निकाल उभे आहेत, त्यात 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' हा आहे.

म्हणून मागणी साधी असावी. त्यागाचा दाखला किती दिवसांत मिळेल, हे नियमातच लिहिले जावे. जुने पारपत्र जमा केल्याची पोच व्हिसासाठी दाखल्याइतकीच ग्राह्य धरावी. आणि आईबापांच्या आजारपणात वा मृत्यूत, नवे पारपत्र हाती नसेल तर, आपल्या वकिलातीने एका येण्याजाण्यापुरता प्रवासाचा कागद द्यावा. दुसऱ्या सरकारने तो मानावा यासाठी बोलणी करण्याचे काम परराष्ट्र खात्याचे आहे. तोवर गावोगावच्या कार्यकर्त्यांनी एवढे तरी सांगत राहावे की घरात कोणी आजारी असेल तर शपथेची तारीख पुढे ढकलता येते का ते आधी पाहा, आणि शपथेनंतर जुन्या पारपत्रावर प्रवास करू नका.

ढाणकीच्या त्या घरी सातबाऱ्यावरचा फेरफार अजून व्हायचा आहे. थोरल्याचे नवे पारपत्र आता आले आहे. त्यागाच्या दाखल्याची वाट पाहणे चालू आहे. म्हातारीने त्याच्या वाट्याची हळद वेगळी काढून ठेवली आहे.