स्पॅनिशच्या वाटेवर इंग्रजीचा टोलनाका

स्पॅनिशच्या पहिल्याच तासाला एक वाक्य पाठ करून घेतात: 'मे यामो अमुक.' अर्थ सांगतात, 'माय नेम इज अमुक.' महिनाभराने कळतं की त्यात 'नाव' हा शब्द कुठेच नव्हता. 'यामार' म्हणजे हाक मारणं, आणि 'मे' म्हणजे मला किंवा स्वतःला. मग 'रिफ्लेक्झिव्ह व्हर्ब्ज'चा धडा उघडतो. स्पॅनिश माणूस म्हणे स्वतःच स्वतःला हाक मारतो, स्वतःच स्वतःला उठवतो, स्वतःच स्वतःला बसवतो. पोरं हसतात, नियम घोकतात आणि परीक्षेत चुकतात.

माझा आरोप असा, की या धड्यातली निम्मी अडचण स्पॅनिशची नाहीच, ती मधल्या इंग्रजीची आहे. परंडा, भूम, लोहारा इथल्या मराठी माध्यमाच्या पोराला आपण सांगतो, आधी इंग्रजी पक्कं कर, मग स्पॅनिशचं बघू. हा टोल त्याने का भरायचा?

बसणे-बसवणे, उठणे-उठवणे, निजणे-निजवणे. या जोड्या आपल्याला कुणी शिकवल्या नाहीत. आता स्पॅनिश बघा. सेन्तार म्हणजे बसवणे, सेन्तार्से म्हणजे बसणे. लेबान्तार उठवणे, लेबान्तार्से उठणे. आकोस्तार निजवणे, आकोस्तार्से निजणे. देस्पेर्तार जागं करणं, देस्पेर्तार्से जागं होणं. मराठी 'बसणे' हे मूळ धरते आणि दुसऱ्याला बसवायचं असेल तर मध्ये 'व' घालते. स्पॅनिश 'बसवणे' हे मूळ धरते आणि आपलं आपण बसायचं असेल तर शेवटी 'से' लावते. जिना तोच, आपण वर चढतो, ते खाली उतरतात. हा 'से' कर्त्याप्रमाणे बदलतो: मी असेन तर 'मे', तू असशील तर 'ते', तो किंवा ती असेल तर 'से', आम्ही असू तर 'नोस'. म्हणून 'मे सिएन्तो' म्हणजे सरळ 'मी बसतो'. स्वतःला उचलून खुर्चीत ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

फोडणे आणि फुटणे यांतला फरक आपलं शेंबडं पोरही जाणतं. स्पॅनिशमध्ये तोच फरक रोम्पेर आणि रोम्पेर्से. इंग्रजीत दोन्हीला 'ब्रेक' चालतं. ज्या भाषेत हा फरक क्रियापदावर दिसतच नाही, तिच्यातून तो समजून घ्यायला आपण पोरांना पाठवतो!

'से मे कायो एल बासो' या वाक्यासाठी इंग्रजी पुस्तकं वेगळं प्रकरण लिहितात, त्याला भारदस्त नाव देतात. मराठीत काय म्हणाल? 'माझ्या हातून ग्लास पडला.' पडला. पाडला नाही. आईसमोर ही वाक्यरचना आपण सगळ्यांनीच वापरलेली आहे. हात धुण्याचंही तसंच. 'मे लाबो लास मानोस' यात 'माझे' कुठेच नाही, आणि 'मी हात धुतो' यातही नाही. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी मात्र तिथे हमखास 'माझे' घुसडतो, कारण त्याच्या डोक्यात 'माय हँड्स' बसलेलं असतं.

धाराशिवहून तुळजापूरला जाताना पाट्या वाचा. 'प्लॉट विकणे आहे.' 'गाळा भाड्याने देणे आहे.' कोण विकतंय, कोण देतंय, याच्याशी वाक्याला घेणंदेणं नाही. माद्रिदमध्ये अशाच पाट्यांवर 'से बेंदे' आणि 'से आल्किला' लिहिलेलं असतं. आणि तुळजापुरात पुजाऱ्याच्या तोंडी जो 'यजमान' शब्द असतो, तो तर या साऱ्याचा जुना नातेवाईक. संस्कृतात यज्ञाचं फळ दुसऱ्याला मिळणार असेल तर 'यजति', करणाऱ्याला स्वतःला मिळणार असेल तर 'यजते'. पहिलं परस्मैपद, दुसरं आत्मनेपद. 'यजमान' हा शब्द त्या 'यजते'चा. मराठीत आत्मनेपद उरलं नाही, पण कल्पना 'घेणे' आणि 'देणे' यांत टिकून आहे. पाहुण्याला कॉफी 'करून देतो', स्वतःसाठी 'करून घेतो'. हे दुसरं वाक्य स्पॅनिशमध्ये 'मे प्रेपारो उन काफे'.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पुस्तकं इंग्रजीत आहेत, नोकरीला इंग्रजी लागतंच. नोकरीचं नोकरीपाशी. पण स्पॅनिशची 'देले' परीक्षा संपूर्ण स्पॅनिशमध्ये असते, तिथे तुमचं इंग्रजी कुणी विचारत नाही. आणि पुस्तकं नाहीत तर ती लिहायची कुणी? ख्रिस्तपुराण रचणारा थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होता. त्याने केलेलं कोकणीचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली गोव्यात राशोलला छापलं गेलं, ते पोर्तुगीजमध्ये. ते वाचून कोकणी शिकणाऱ्यांना पोर्तुगीज येत होती, म्हणून. व्याकरण शिकणाऱ्याच्या ओळखीच्या भाषेत सांगायचं असतं, हे त्या काळी कळत होतं. आपल्याकडे २०२० च्या जानेवारीत याच शहरात ९३वं साहित्य संमेलन भरलं, २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. मांडवात मराठीचा जयजयकार आणि वर्गात 'रिपीट आफ्टर मी'.

मराठी सगळीकडे हात देईल असं मी म्हणत नाही. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे 'मला कॉफी आवडते', तिथला 'मे' हा साधा 'मला' आहे, आत्मवाचक नाही, आणि मराठी पोराला ते सांगावंही लागत नाही. पण त्याच भरवशावर 'मला आठवतं' म्हणायला गेलात तर फसाल. तिथे स्पॅनिशमध्ये आठवणारा 'मी' कर्ता होतो: 'मे आकुएर्दो'. अशा फसव्या जागा वहीच्या मागच्या पानावर वेगळ्या लिहून ठेवा. आणि 'दोर्मी' व 'मे दोर्मी' यांतला फरक इंग्रजीत शोधत बसू नका. पहिलं 'मी झोपलो', दुसरं 'माझा डोळा लागला'.