ऊन सगळ्यांचं, जमीन कुणाची?

सौर किंवा पवन प्रकल्पाला एखाद्या गावानं विरोध केला की शहरातून एक ठरलेलं वाक्य येतं : 'लोकांमध्ये जनजागृती करायला हवी.' म्हणजे प्रकल्प बरोबरच आहे, घोळ काय तो गावाच्या डोक्यात आहे. हे वाक्य उद्धट आहे आणि खोटंही.

धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील आठवतात? वय ८४. सौरऊर्जा प्रकल्पासाठी गेलेल्या पाच एकरांचे त्यांना जेमतेम चार लाख मिळाले. योग्य मोबदल्यासाठी सरकारदरबारी खेटे घालून थकल्यावर जानेवारी २०१८मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि सहा दिवसांनी ते गेले. त्यांची कुठली जागृती करायची राहिली होती?

यावर उत्तर येतं, की आता जमीन विकत घेत नाहीत, भाड्यानं घेतात. ठीक. कर्नाटकातलं पावगडा पाहा. २,०५० मेगावॉटचा सौर पार्क, सुमारे १३,००० एकर. सुरुवातीचं भाडं एकरी वर्षाला २१,००० रुपये. तालुका कायम दुष्काळी, त्यामुळे जमीनमालकांनी जमिनी दिल्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण भाडं जातं ज्याचं नाव उताऱ्यावर आहे त्याला. त्याच रानात खुरपणी-काढणी करून पोट भरणाऱ्या भूमिहीन बाईचं काय? तिची मजुरी गेली. मेंढपाळाचं चराऊ रान कुंपणाआड गेलं. पॅनल पुसायला आणि राखणीला अशी कितीशी माणसं लागतात?

आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे. खासगी जमीनमालकासाठी ते वाईट नाही. पण या योजनेत गायरानंही घेतली जातात. कागदावर गायरान सरकारचं. प्रत्यक्षात तिथे शेळ्या चरतात त्या ज्यांच्या नावावर गुंठाही नाही त्यांच्या. 'पडीक जमीन' म्हणताना आपण या माणसांनाच पडीक ठरवतो.

आणखी एक गोष्ट. कोळशाच्या मोठ्या वीज प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, त्यासाठी जनसुनावणी घ्यावी लागते. ती अनेकदा नाटकी असते, पण निदान माइक तरी गावाच्या हातात येतो. सौर प्रकल्पाला या मंजुरीतून सूट आहे, म्हणजे तो माइकही नाही.

'मग काय कोळसाच जाळत बसायचं?' अजिबात नाही. कोळशानंही गावं उठवलीच आहेत, आणि पाऊस लहरी झाला की पहिला फटका याच कोरडवाहू गावांना बसतो. सौर आणि पवन वीज हवीच, लवकर हवी. म्हणूनच गावाला डावलणं परवडणारं नाही. अडलेलं काम आणि कोर्टकचेऱ्या यात जाणारी वर्षं कुणाच्याच कामाची नाहीत.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या समुद्रात मिडलग्रुंडनच्या २० पवनचक्क्या आहेत. त्यातल्या निम्म्या आठ हजारांहून जास्त लोकांच्या सहकारी संस्थेनं उभारल्या. तिथे लोकांना भाग घ्यायला मिळाला. सहकारी साखर कारखाने उभारणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. जागा ठरण्याआधी ग्रामसभा. भूमिहीनांना आणि गुराख्यांना भरपाई, उताऱ्यावर नाव नसलं तरी. आणि वीज विकून येणाऱ्या पैशात गावाचा कायमचा हिस्सा. हे द्या, मग गाव 'स्वीकारतं' का ते विचारा. तोवर जागृतीची गरज गावाला नाही, आपल्याला आहे.