प्रगतिपुस्तकात न मावणारे खासदार

निवडणूक जवळ आली की मोबाइलवर खासदारांची प्रगतिपुस्तकं फिरू लागतात. उपस्थिती इतके टक्के, प्रश्न इतके, खासगी विधेयकं इतकी. आकडे बहुधा खरेच असतात. पण कुडाळ-सावंतवाडीच्या कोर्टांत कलमांचा कीस काढण्यात उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्या वकिलाला त्यातून हवं ते कळत नाही. कायदे करायला पाठवलेल्या माणसाने कायद्याचं काय केलं?

मी मतदार झालो तेव्हा आमचा मतदारसंघ राजापूर. २००९ पासून तो रत्नागिरी-सिंधुदुर्गात विरला. १९५७ ते १९९१ एवढ्या काळात राजापूरने लोकसभेत दोनच माणसं पाठवली, आधी बॅ. नाथ पै आणि मग प्रा. मधु दंडवते. दंडवते मूळचे नगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवणारे. १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून आले. त्यांचं नाव काढलं की लोक दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर आलेल्या फोमच्या गाद्या सांगतात. त्या गाद्या त्यांच्याच, १९७७ ते ७९ या रेल्वेमंत्रिपदाच्या काळातल्या. पाठीला मऊ लागलं ते लक्षात राहिलं, त्यात गैर काही नाही. पण कायदेकार म्हणून त्यांचा हिशेब मी सोनाराच्या दुकानातून मांडतो.

जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरटच्या वरचा दागिना घडवायचा नाही, असा हुकूम निघाला आणि देशभरचे कारागीर देशोधडीला लागले. ती अट १९६६ मध्ये गेली, पण १९६८ च्या कायद्याने बाकीचा फास तसाच ठेवला. गंमत बघा. आजीची मोडकी पाटली पेटीत पडून असेल तोवर दागिना. सोनाराने ती मुशीत वितळवून लगड केली की तेच झालं ‘प्राथमिक सोनं’, आणि ते सामान्य माणसाने जवळ बाळगणं गुन्हा. प्रमाणपत्र असलेल्या कारागिरालासुद्धा असं सोनं शंभर ग्रॅमच्या वर ठेवता येत नसे.

माझा एक अशील होता. त्याचं दुकान म्हणजे बागेसरी, ऐरण, तराजू, चार चिमटे आणि या सगळ्यापेक्षा जड अशी ती सरकारी वही. कुणाचं किती सोनं आलं, किती गेलं, घट किती, सगळं तीत उतरवायचं. हात सोन्यात तयार, लिहिण्यात कच्चा. तपासणीत दोन गुंजांचा फरक निघाला की तो सकाळी सकाळी माझ्या ओटीवर हजर. आणि इकडे तस्करांच्या होड्या किनाऱ्याला लागतच होत्या, त्यांना कुठली वही?

डिसेंबर १९८९ मध्ये दंडवते अर्थमंत्री झाले आणि जून १९९० मध्ये त्यांनी तो कायदाच रद्द केला. ज्या मोरारजींच्या मंत्रिमंडळात बसले, त्यांच्याच हातची ही नियंत्रणाची गाठ एका समाजवाद्याने सोडली. एरवी समाजवादी अर्थमंत्री म्हटलं की नवा परवाना येणार म्हणून व्यापारी धास्तावतात! त्यांचं सगळंच मला पटलं असं नाही. त्याच वर्षीच्या दहा हजारांपर्यंतच्या शेती कर्जमाफीने सहकारी बँकांची शिस्त मोडली, असं माझं तेव्हाही मत होतं. पण जाच निघून गेल्याची नोंद कुठल्याच प्रगतिपुस्तकात नसते, म्हणून सांगितलं.

समित्यांचंही तेच. जून १९७५ मध्ये पक्षांतरबंदी विधेयकावरच्या संयुक्त समितीच्या कामासाठी दंडवते बंगळूरला गेले होते. वाजपेयी आणि अडवाणीही तिथेच. आणीबाणी आली आणि २६ जूनला तिघांनाही तिथूनच अटक झाली आणि दंडवत्यांचे पुढचे सुमारे दीड वर्ष तुरुंगात गेले. या काळातली त्यांची उपस्थिती किती टक्के धरायची? ते विधेयक लोकसभेबरोबर बारगळलं. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीची बावन्नावी घटनादुरुस्ती झाली, तेव्हा दंडवते सभागृहात होते. एक तृतीयांश फुटले तर चालेल, ही त्यातली पळवाट २००३ मध्ये बुजवावी लागली. उरलेल्या फटींतून काय काय जातं, ते महाराष्ट्राने २०२२ पासून पाहिलंच आहे. व्हिपच्या धाकाने खासदार गप्प बसू लागला, तोही याच कायद्याचा प्रताप. हा दोष त्या काळच्या सगळ्याच सभासदांच्या माथी, दंडवत्यांच्याही.

नाथ पैंचा हिशेब तर शून्यच निघेल. गोलकनाथ निकालात सुप्रीम कोर्टाने मूलभूत हक्कांना हात लावण्याचा संसदेचा अधिकार नाकारला, तो फेब्रुवारी १९६७ मध्ये. दोन महिन्यांच्या आत नाथ पैंनी तो अधिकार परत देणारं खासगी विधेयक मांडलं. संयुक्त समिती झाली, खासगी विधेयकांसाठी राखलेल्या शुक्रवारच्या अडीच तासांत पुन्हा पुन्हा चर्चा झाली, आणि डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली तसं विधेयकही गेलं. पुढच्याच महिन्यात बेळगावात नाथ पै गेले. त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती करून तेच साधलं. १९७३ च्या केशवानंद निकालाने तिला मर्यादा घातली, आणि ते बरंच झालं, असं मी म्हणेन. पण वाद सभागृहात आणला कुणी? स्वातंत्र्यानंतर खासगी विधेयकांपैकी जेमतेम चौदा कायदे झाले, शेवटचा १९७० मध्ये. ‘किती मांडली’ या आकड्याला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही. हल्ली तर काही जण आकडा फुगवायलाच मांडतात.

तेव्हा पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की चहा द्या आणि विचारा: कुठल्या समितीवर होतात? कुठल्या कलमाला दुरुस्ती सुचवलीत, तिचं काय झालं? लोकांना नाडणारा एखादा नियम काढायला लावलात का? नवखा असेल तर कुठला काढायला लावणार, ते विचारा. उत्तर लिहून ठेवा आणि पाच वर्षांनी तो कागद त्याच्यासमोर धरा.